पूर्वकथा मागे का पडते?



कथा ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘पुढे काय झाले?’ हा असतो. कथा फार आवडली, तिच्यातील माणसे घरच्यासारखी वाटू लागली, म्हणजे मग दुसरा प्रश्न मनात येतो : ‘याच्या आधी काय झाले होते?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी कथा रचली जाते तिला आपण पूर्वकथा म्हणू. इंग्रजीत तिला ‘प्रीक्वेल’ असे नाव आहे. ती काळाने आधीची, परंतु लिहिली जाते नंतर. हेच तिचे मुख्य लक्षण होय.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या मालिका आज सुशिक्षित घरांतून मोठ्या आवडीने वाचल्या जातात. अशी एखादी मालिका गाजली, तिचा शेवटचा भाग निघाला आणि वाचक हळहळू लागले, की लेखक पूर्वकथेकडे वळतो. वाचक तयार आहेत, कथेतील जग तयार आहे, तेव्हा यश ठेवलेलेच, असा त्यात हिशेब असतो. प्रत्यक्षात बहुधा असे घडते की पूर्वकथेचा खप होतो, क्वचित पुष्कळ होतो, परंतु मूळ मालिकेची उंची ती गाठीत नाही. असे का व्हावे, याचा विचार आज करावयाचा आहे. हा विचार केवळ पुस्तकविक्रेत्यांच्या वहीखात्याचा नव्हे. मुलाच्या हाती कोणते पुस्तक आधी द्यावे, या घरगुती प्रश्नाशीही तो निगडित आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

उदाहरण दूरचे शोधण्याचे कारण नाही. मुंबईत जन्मलेले अमीश त्रिपाठी यांनी 2010 साली आपली पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. मराठी वाचक तिला ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने ओळखतात. वीसहून अधिक प्रकाशकांनी हे हस्तलिखित नाकारले होते, असे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. पुढे 2011 साली ‘नागांचे रहस्य’ आणि 2013 साली ‘वायुपुत्रांची शपथ’ हे भाग निघून शिवकथेची ही त्रयी पूर्ण झाली. मानसरोवराकाठच्या एका टोळीचा तरुण नायक मेलुहा नावाच्या सुव्यवस्थित राज्यात येतो, तेथील औषधाने त्याचा कंठ निळा होतो, आणि लोक त्याला आपला तारणहार मानू लागतात, अशी या कथेची सुरुवात आहे. देवाला माणूस कल्पून त्याचा महादेव कसा झाला हे सांगण्याची ही रीत लाखो वाचकांना आवडली.

यानंतर अमीश यांनी रामकथा हाती घेतली. या मालिकेतील पहिले पुस्तक, ‘इक्ष्वाकूचे वंशज’, 2015 साली निघाले. नंतर 2017 साली सीतेवरचे, 2019 साली रावणावरचे व 2022 साली लंकेच्या युद्धावरचे पुस्तक आले. ही मालिका स्वतंत्र दिसत असली तरी ती शिवत्रयीची पूर्वकथाच आहे. कारण शिवत्रयीतील मेलुहा राज्य ज्या कायद्यांवर व ज्या आचारांवर उभे आहे ते कित्येक शतकांपूर्वी होऊन गेलेल्या श्रीरामाने घालून दिले, असे त्या त्रयीतच सांगितलेले आहे. त्या रामाचा काळ आता प्रत्यक्ष उभा करावयाचा, हा नव्या मालिकेचा हेतू. तिच्या खपाविषयी लेखकाच्या परिचयात जे छापले जाते ते मोठे बोलके आहे. शिवत्रयी ही भारतीय प्रकाशनाच्या इतिहासात सर्वांत वेगाने खपलेली पुस्तकमालिका, आणि रामचंद्रमालिका ही दुसऱ्या क्रमांकाची. म्हणजे लेखक तोच, त्याची कीर्ती पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक, विषय तर या देशातील सर्वांत प्रिय. तरीही क्रमांक दुसरा. हे यश लहान नाही. तथापि पहिला क्रमांक का मिळू नये, हा प्रश्न उरतोच.

याचे पहिले कारण साधे अंकगणित आहे. समजा, शंभर वाचकांनी मालिकेचा पहिला भाग घेतला. त्यांतील काहींना तो आवडत नाही, काहींचा अर्धाच राहतो, काही दुसऱ्या भागासाठी मित्राकडे हात पसरतात. दुसऱ्या भागाला सत्तर गिऱ्हाईक राहिले, तिसऱ्याला साठ, असे आपण धरू. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत; परंतु ही उतरण प्रत्येक मालिकेत असते, हे कोणताही पुस्तकविक्रेता सांगेल. पूर्वकथा या साठांतूनच आपले वाचक मिळविते. जे चाळीस जण वाटेत उतरले ते पूर्वकथेसाठी परत येत नाहीत.

मग नवे वाचक का मिळू नयेत? पूर्वकथा तर काळाने पहिली. तिच्यापासून आरंभ करावयास हरकत काय? येथे तिची मोठी अडचण होते. नवा वाचक दुकानात जाऊन विचारतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते, ‘आधी मूळ मालिका वाचा, मग याची गोडी कळेल.’ तो मूळ मालिकेचा पहिला भाग घेऊन जातो. अशा रीतीने पूर्वकथेला दोन दरवाजे असून दोन्ही अर्धवट लागलेले असतात. जुना वाचक सारा येत नाही, आणि नवा वाचक दुसऱ्या दाराने मूळ मालिकेत शिरतो. यातील गंमत अशी की पूर्वकथा प्रसिद्ध झाली, तिची जाहिरात झाली, म्हणजे खप वाढतो तो पुष्कळदा जुन्याच पुस्तकाचा! धाकट्याने मेहनत करावी आणि कमाई थोरल्याच्या नावावर जमा व्हावी, त्यातला हा प्रकार.

दुसरे कारण जिज्ञासेचे आहे. कथेचे चाक जिज्ञासेच्या वंगणावर चालते. शिवत्रयी वाचताना वाचकापुढे खरा प्रश्न असा होता की या राज्यात दुष्ट कोण? ज्यांना सारे दुष्ट म्हणतात ते चंद्रवंशी, की ज्यांना सारे भितात ते नाग? लेखकाने या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या भागापर्यंत लांबविले, आणि दुसरा भाग संपला तेव्हा वाचक पुढच्या भागाची वाट पाहात दिवस मोजू लागले. शिवाय शिवाची सलग अशी एकच सर्वमान्य कथा आपल्याकडे नाही. वेगवेगळ्या पुराणांतून त्याच्या निरनिराळ्या कथा विखुरलेल्या आहेत. त्यामुळे लेखकाला मोकळे रान मिळाले, आणि वाचकालाही पुढचे पाऊल कोठे पडेल याचा अंदाज येईना.

रामकथेची गोष्ट निराळी आहे. धनुर्भंग होणार, वनवास घडणार, सीतेचे हरण होणार आणि रावण मारला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून पूर्वकथा म्हटली की तिचा शेवट दुप्पट ठरलेला. रामाने घालून दिलेले नियम पुढे शेकडो वर्षे टिकले, हे वाचकाने शिवत्रयीत आधीच वाचलेले आहे. तेव्हा ‘काय होईल?’ हा प्रश्न मावळतो आणि ‘कसे झाले?’ एवढाच उरतो. ‘कसे’ हा प्रश्न हलका आहे असे मी म्हणत नाही. विचारी वाचकाला तोच अधिक रुचतो. परंतु ‘पुढे काय?’ या प्रश्नासाठी मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळणारे वाचक ज्या संख्येने असतात, त्या संख्येने ‘कसे?’ या प्रश्नासाठी जागणारे नसतात.

रामचंद्रमालिकेच्या बांधणीने ही अडचण आणखी वाढली, असे मला वाटते. तिच्या पहिल्या तीन पुस्तकांत अनुक्रमे राम, सीता आणि रावण यांची जीवने वेगवेगळी सांगितली आहेत, आणि तिन्ही पुस्तके सीताहरणाच्या प्रसंगाशी येऊन थांबतात. कल्पना अभिनव आहे. एकच घटना तिघांच्या दृष्टीने पाहिली असता न्याय-अन्यायाचे निवाडे किती बदलतात, हे तीतून चांगले कळते. पण सामान्य वाचकाच्या दृष्टीने पाहा. 2015 साली तो गोदावरीकाठच्या त्या अरण्यात उभा होता. 2017 साली पुन्हा तेथेच आला. 2019 सालीही तेथेच. कथा पुढे सरकली ती 2022 साली. शिवत्रयी तीन वर्षांत संपली होती, या मालिकेला सात वर्षे लागली. मध्यंतरी महामारीची साथ येऊन गेली, आणि 2022 च्या आरंभी पहिली तीन पुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था तिच्या परदेशी मालकांनी बंद करण्याचे ठरविल्यामुळे चौथे पुस्तक दुसऱ्या संस्थेकडून निघाले. 2010 साली महाविद्यालयात शिकणारा वाचक एव्हाना संसाराला लागलेला होता. खपाचा हिशेब मांडताना या बाहेरच्या कारणांनाही जमेस धरले पाहिजे.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. चांगल्या अद्भुतकथेत सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेले अधिक असते. शिवत्रयीत जागोजाग रामाचे नाव येते. त्याचे कायदे येतात. जन्मलेले मूल राज्याने आईबापांपासून घेऊन वाढवावे आणि त्याच्या गुणांवरून त्याचा वर्ण ठरवावा, यासारखी कठोर व्यवस्था त्याच्या नावाने सांगितली जाते. असा नियम करणारा राजा कसा असेल, त्याच्या मनाला काय वाटले असेल, याचे चित्र प्रत्येक वाचक आपापल्या मनात रंगवितो. ते चित्र त्याचे स्वतःचे असते आणि म्हणूनच भव्य असते. पूर्वकथेत तोच राजा सावत्र भावंडांत वाढणारा, बापाची उपेक्षा सोसणारा तरुण म्हणून समोर येतो. लेखक कितीही समर्थ असो, त्याचे एक चित्र हजारो वाचकांच्या हजारो चित्रांना पुरे पडत नाही. डोंगर दुरून साजरे, ही म्हण अशा वेळी आठवते.

इंग्लंडातील टॉल्किन यांना ही गोष्ट नेमकी उमगली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे त्यांचे तीन खंडांचे अद्भुतकाव्यच म्हणावे असे पुस्तक 1954 व 1955 साली निघाले. त्याच्या पाठीमागे त्यांनी रचलेला फार मोठा प्राचीन इतिहास होता आणि वाचक तो मागत होते. त्यावर एका पत्रात त्यांनी अशी शंका व्यक्त केली की, दूरवर अस्पष्ट दिसणाऱ्या त्या प्रदेशामुळेच तर कथेला मोहिनी येते. तेथे प्रत्यक्ष जाऊन पोहोचले तर ती मोहिनी नाहीशी होईल, मात्र तेथून आणखी दूरचे नवे प्रदेश दिसू लागले तर गोष्ट निराळी. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1977 साली, त्यांच्या पुत्राने तो इतिहास ‘द सिल्मरिलियन’ या नावाने प्रसिद्ध केला. आरंभी त्याच्यावर अमेरिकेत उड्या पडल्या आणि विक्रीच्या याद्यांत तो अग्रभागी आला. परंतु मूळ कथेवर जसे पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रेम केले, तसे या ग्रंथावर केवळ निवडक भक्तांनीच केले. पहिल्या उडीत उत्कंठा विकली जाते, पण टिकतो तो वाचनाचा आनंदच.

चौथे कारण माणसांच्या लोभाचे. वाचक जगावर लोभ करतो असे लेखकांना वाटते, परंतु त्याचा लोभ माणसांवर असतो. हॅरी पॉटर याच्या कथेवरील आठ चित्रपटांपैकी 2011 सालच्या शेवटच्या चित्रपटाने जगभर सुमारे 134 कोटी डॉलर मिळविले. पुढे त्याच जादूच्या जगातील, हॅरीच्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे घडणाऱ्या घटनांवर पाच चित्रपटांची योजना झाली. 2016 साली निघालेल्या पहिल्याने सुमारे 81 कोटी, 2018 सालच्या दुसऱ्याने सुमारे 65 कोटी, आणि 2022 सालच्या तिसऱ्याने सुमारे 40 कोटी डॉलर मिळविले; चौथा निघालाच नाही. जादू तीच, कांडी तीच, विद्यालय तेच. पण ज्या तीन मुलांसोबत प्रेक्षक स्वतः लहानाचा मोठा झाला होता ती मुले तेथे नव्हती. गाव ओळखीचे असले तरी ओळखीचे घर तेथे नसेल तर माणूस मुक्कामाला राहात नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘खप कमी’ याचा अर्थ ‘पुस्तक वाईट’ असा कोणी करू नये. मूळ पुस्तकाच्या खपाचा आकडा सांगतात तो वर्षानुवर्षे साचत आलेला असतो. त्याच्या अनेक आवृत्त्या, अनुवाद, वाचनालयांची मागणी हे सारे त्यात मिसळलेले असते. पूर्वकथेचा आकडा कालपरवाचा असतो. वीस वर्षांच्या झाडाची सावली आणि पाच वर्षांच्या झाडाची सावली एकाच दुपारी मोजून धाकट्याला उणे ठरविणे न्याय्य नव्हे. तुलना करावयाची तर प्रसिद्धीनंतरच्या सारख्याच मुदतीची करावी. असे असूनही वर सांगितलेली कारणे खोटी ठरत नाहीत. तफावत काहीशी कमी होते इतकेच.

आता जरा आपल्या घराकडे वळू. पूर्वकथेचा प्रश्न आपल्या प्राचीन कवींनाही पडलेला होता, आणि त्यांनी त्याची फार सुंदर उत्तरे शोधली. आमच्या वर्धा जिल्ह्यातील पवनार हे धाम नदीकाठचे गाव आज विनोबांच्या आश्रमामुळे सर्वांस परिचित आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्या वंशातील दुसरा प्रवरसेन राजा पाचव्या शतकात होऊन गेला. त्याचे ‘सेतुबंध’ हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत, रचलेले आहे. हे काव्य रामजन्मापासून सुरू होत नाही. पावसाळा संपला आहे, शरद ऋतू उगवला आहे, आणि हनुमान सीतेची वार्ता घेऊन येतो, येथे त्याचा आरंभ. मागचे सारे श्रोत्याला ठाऊक आहे, हे गृहीत धरून कवीने थेट समुद्राकडे प्रयाण केले. पूर्वकथा न सांगणे हेही एक कौशल्यच होय.

दुसरे उत्तर भवभूतीचे. तो आठव्या शतकातला, विदर्भातील पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर ते हेच, असे मिराशींचे मत आहे. त्याची रामकथेवर दोन नाटके आहेत. ‘महावीरचरित’ यात विश्वामित्राच्या यज्ञापासून राज्याभिषेकापर्यंतचे पराक्रम आहेत, तर ‘उत्तररामचरित’ यात त्यानंतरची सीतात्यागाची कथा आहे. पराक्रमाने भरलेले पहिले नाटक विद्वानांपुरते राहिले. रसिकांनी हृदयाशी धरले ते दुसरे. या दुसऱ्या नाटकाच्या पहिल्या अंकात भवभूतीने पूर्वकथा कशी आणली आहे ते पाहण्यासारखे आहे. राम, सीता व लक्ष्मण भिंतीवरील चित्रे पाहात आहेत, आणि त्या चित्रांतून लग्नापासून वनवासापर्यंतचा सारा भूतकाळ उलगडतो. सीता थकून रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. त्याच क्षणी हेर लोकापवादाची बातमी घेऊन येतो. जुन्या सुखाची ती चित्रे आपण पाहिलेली असतात म्हणूनच पुढचा त्याग काळीज चिरतो. पूर्वकथेचे हे खरे स्थान होय. ती वर्तमानाच्या दुःखाला धार लावते. स्वतंत्र पाट मांडून बसत नाही.

उलट वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात रावणाचा जन्म, त्याची तपश्चर्या आणि त्याचे दिग्विजय अगस्ती ऋषी विस्ताराने सांगतात, तेही रावण मारला गेल्यानंतर! बालकांडाचा बराच भाग व हे उत्तरकांड मागाहून जोडलेले असावे, असे पुष्कळ संशोधक मानतात. रावणाची ती पूर्वकथा रचनेने मोठी असूनही सुंदरकांडाप्रमाणे तिची पारायणे घरोघरी झाली नाहीत. शत्रू पडल्यावर त्याचा जन्मवृत्तान्त ऐकण्याची उत्कंठा किती जणांस राहणार?

तर मग पूर्वकथेने मूळ कथेला मागे टाकल्याचे उदाहरण नाहीच काय? आहे, आणि तेही आपल्याच घरातले आहे. महाभारतात श्रीकृष्ण प्रथम येतो तो द्रौपदीच्या स्वयंवराच्या वेळी, पूर्ण वाढलेला पुरुष म्हणून. त्याचे गोकुळातील बालपण महाभारताच्या शेवटी परिशिष्टासारख्या जोडलेल्या ‘हरिवंशा’त आले. व्याख्येप्रमाणे ही चोख पूर्वकथा. तिने पुढे भागवताच्या दशमस्कंधात विस्तार घेतला, आणि मराठीत श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’च्या रूपाने ती माजघरापर्यंत पोहोचली. महाभारत घरात वाचू नये असे मानणाऱ्या घरांतही यशोदेचा कान्हा पाळण्यात झुलला. हे कशामुळे झाले? गोकुळच्या कथेने कुरुक्षेत्रावरच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा उद्योग केलाच नाही. तिने स्वतःचा नवा रस आणला, तो वात्सल्याचा. महाभारत न वाचलेल्या आईलाही ती आपली वाटली. पूर्वकथेचा जो दुसरा, नव्या वाचकांचा दरवाजा बहुधा लागलेला असतो, तो येथे सताड उघडला.

अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका. 2016 साली तिचा पहिला भाग आला तो कोकणातील नाईकांच्या वाड्यात कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने सुरू झाला. 2019 सालच्या जानेवारीत दुसरा भाग आला, तो काळाने मागे गेला. मेलेले अण्णा नाईक त्यात जिवंत होऊन वावरू लागले, आणि अण्णा व शेवंता ही नावे महाराष्ट्रभर सर्वतोमुखी झाली. शेवट तर सर्वांस माहीत होता! परंतु प्रेक्षक ‘अण्णा मरतात का?’ हे पाहावयास बसत नव्हते. एक माणूस आपल्या वासनेने आणि दहशतीने आपलेच घर पायरीपायरीने कसे बुडवितो, हा नवा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पहिल्या भागात जो केवळ एक मृत मनुष्य होता तोच येथे कथेचा कणा झाला. शिवाय ही पूर्वकथा विकत घ्यावी लागत नव्हती. रात्री जेवणे आटोपली की ती घरातच येत होती. तोही फरक लहान नाही.

या साऱ्या उदाहरणांचा निष्कर्ष माझ्या मते एकच. जी पूर्वकथा मूळ कथेने निर्माण केलेल्या प्रश्नांची केवळ उत्तरे देते, तिचे वाचक ते प्रश्न ज्यांच्या मनात उरले आहेत तेवढेच. आणि ती संख्या मूळ वाचकांपेक्षा नेहमीच कमी असणार. जी पूर्वकथा स्वतःचा नवा प्रश्न विचारते, स्वतःचा नवा रस देते, ती आपले वाचक स्वतः मिळविते. पहिली वडिलार्जित शेतावर जगते. दुसरी नवी जमीन मोडून पीक काढते. वडिलार्जित शेताचे वाटे पडत गेले की हिस्सा लहान होत जातो, हे आपणा सर्वांस अनुभवाने माहीत आहे.

आता तो घरगुती प्रश्न. मी आयुष्यभर मुलांना शिकविले, आणि पुस्तकापाशी मूल नेमके कोठे अडते हे पाहण्याची मला सवय जडली. वाचनालयात पुष्कळदा पूर्वकथेला ‘पहिली’ समजून कपाटात आरंभी ठेवतात. मूल ती उचलते. तीत ज्या नावांचा उल्लेख होताच वाचकाने रोमांचित व्हावे अशी अपेक्षा असते, ती नावे त्या मुलाने कधी ऐकलेलीच नसतात. चाळीस पानांत ते कंटाळते आणि पुस्तक परत करते. नुकसान एका पुस्तकाचे होत नाही, साऱ्या मालिकेचे होते. कारण ‘ही गोष्ट कंटाळवाणी आहे’ असे मनाशी ठरवून बसलेले मूल मूळ कथेकडे पुन्हा फिरकत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत याच्या उलट होते. पूर्वकथेत रहस्ये आधीच फुटतात, आणि मूळ कथेतील सर्वांत मोठा आनंद, न कळण्याचा आनंद, त्याला कधीच मिळत नाही.

सी. एस. लुइस यांच्या नार्निया या जादूच्या देशाच्या कथांबाबत हाच वाद आहे. पहिले पुस्तक 1950 साली निघाले. त्या देशाची उत्पत्ती सांगणारे पुस्तक 1955 साली, सहावे म्हणून आले. 1994 पासून प्रकाशकांनी कथेतील कालक्रम धरून त्यालाच पहिला क्रमांक दिला. लुइस यांनी स्वतः एका लहान वाचकाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाला अनुकूल मत दिले होते, हे खरे. तथापि त्यांच्या अधिकाराविषयी पूर्ण आदर राखून मी प्रसिद्धीचा क्रमच पसंत करीन. कपाटाचे दार उघडून एक मुलगी अकस्मात बर्फात पाऊल ठेवते, तेव्हा ते कपाट कोठून आले हे वाचकाला ठाऊक नसावे, यातच त्या पावलाची जादू आहे. कपाटाचा जन्म ज्याने आधी वाचला त्याला तेथे आश्चर्य वाटत नाही; फक्त हिशेब जुळतो.

तेव्हा आईबापांना आणि ग्रंथपालांना माझी विनंती अशी की मालिका ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने ती मुलांच्या हाती द्यावी, आणि कपाटावरही त्याच क्रमाने लावावी. पुस्तकाच्या पहिल्या पानामागे प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते. ते पाहण्यास अर्धे मिनिट लागते. शिवत्रयी आधी आणि रामचंद्रमालिका नंतर. मूळ कथा वाचून झाल्यावर मुलाने आपण होऊन विचारावे, ‘याच्या आधी काय झाले होते?’ तो प्रश्न त्याच्या ओठांवर आला की मग पूर्वकथा पुढे करावी. भूक लागल्यावर वाढलेले पान आणि भुकेआधी वाढलेले पान यांत जो फरक, तोच येथे आहे. आणि तो प्रश्न आलाच नाही, तर पूर्वकथा वाचलीच पाहिजे असा आग्रह धरू नये. मूळ कथेने आपले काम पूर्ण केले असे समजावे.

लेखकांना काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एक वाचक म्हणून इतके म्हणतो की, आधीची गोष्ट जरूर सांगावी, पण ती ऐकताना आम्हांला पुन्हा एकदा ‘पुढे काय?’ असे विचारावेसे वाटले पाहिजे. खपाचे मग आपोआप पाहता येईल.